शेपटीला चावणाऱ्या माशांसाठी स्टिंगर: घरी कसा बनवायचा

रबरी माशाची शेपूट ब्लेडने कापावी तशी साफ तुटून येते आणि गरीला काही लागल्याची खूणही नसते. पावसाळा संपल्यावर कोकणातल्या जेटीवर रात्री दिव्याखाली रॉड घेऊन उभं राहणाऱ्याला हे नवीन नाही. हे काम वाकटीचं. वाकटी पाण्यात उभी, डोकं वर करून तरंगते आणि भक्ष्यावर खालून झेपावते. दात सुळ्यांसारखे, आणि चावा बहुतेक वेळा शेपटीकडे. चार इंची सॉफ्ट प्लास्टिकमध्ये, म्हणजे अशा रबरी माशात, जिगहेडची, म्हणजे शिशाचं डोकं बसवलेली, गरी पाठीच्या मध्यावर बाहेर येते. तिथून शेपटीपर्यंत पाच सेंटिमीटर नुसतं रबर असतं. चावा पडतो तिथे गरीच नाही, मग मासा लागणार कसा?

त्या रिकाम्या पाच सेंटिमीटरमध्ये बसवलेली दुसरी, छोटी गरी म्हणजे स्टिंगर. उत्तर अमेरिकेत बर्फाला भोक पाडून वॉलाय मासा पकडणारे लोक आणि युरोपात पाइकच्या मागे लागणारे लोक तो कधीपासून वापरतात. जपानी जिगिंगमधला असिस्ट हुक हा त्याचाच भाऊबंद, फक्त तो मेटल जिगच्या, म्हणजे धातूच्या जड नकली माशाच्या, डोक्याशी लोंबतो. आपल्याकडे दोन्हीची गरज पडते, म्हणून दोन्ही बनवायला शिकू.

तयार स्टिंगर ऑनलाइन मिळतात, पण ठरावीक लांबीचे. आणि स्टिंगरमध्ये लांबीलाच सगळं महत्त्व आहे. एक सेंटिमीटर कमी पडला तर चावा पुन्हा गरीच्या मागेच पडतो. एक सेंटिमीटर जास्त झाला तर शेपूट हलायची थांबते, आणि न हलणाऱ्या रबराला कोण विचारतो! पैसे वाचतात ते वेगळं, पण घरी बनवायचं खरं कारण हे की आपल्या डब्यातल्या ल्यूअरच्या (नकली आमिषाच्या) मापाचा स्टिंगर दुकानात नसतो.

कोणासाठी लावायचा, कोणासाठी नाही

स्टिंगर सगळ्या ल्यूअरला लावून ठेवायची सवय काहींना असते. मला ती पटत नाही. जिताडा (सिंधुदुर्गात, गोव्यात चोणक) तोंड उघडतो आणि पाण्यासकट अख्खा ल्यूअर आत ओढतो. त्याला मागची गरी लागत नाही, उलट लोंबणाऱ्या तारेमुळे ल्यूअरची चाल बिघडते. तांबोशी खडकात आणि खारफुटीच्या मुळांत राहते. तिथे मागे लोंबणारी गरी म्हणजे दर चार कास्टला एक ल्यूअर अडकवण्याची सोय. अशा ठिकाणी साधा जिगहेड बरा.

स्टिंगर लावायचा तो वाकटीसाठी, टोळसाठी आणि सुरमईसाठी. टोळची चोच लांब आणि हाडासारखी कडक. मोठी गरी तिच्यात रुतत नाही, पण मागच्या छोट्या ट्रेबलचं (तीन टोकांच्या गरीचं) एखादं टोक कुठेतरी धरतं. सुरमई वेगात येते आणि मागचा अर्धा भाग कापून नेते, म्हणून तिच्यासाठी मागची गरी तर हवीच, पण तारेवरची हवी. गोड्या पाण्यात मरळ रबरी बेडकाच्या पायांना ओढून सोडून देते. तिचं वेगळं, पुढे बघू.

सामान

गरी आधी. तारेच्या स्टिंगरला ६ किंवा ४ नंबरचा ट्रेबल घ्या. असिस्टला सरळ दांड्याची, आखूड पण जाड एकेरी गरी, १/० ते ३/०. नवख्यांचा इथे गोंधळ होतो: नुसत्या आकड्यांत आकडा मोठा तशी गरी लहान, म्हणजे ६ ही ४ पेक्षा लहान. तिरक्या रेघेनंतर शून्य असलेल्या मापांत मात्र उलट, ३/० ही १/० पेक्षा मोठी. शिवाय प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं. नॉर्वेच्या मुस्तादचा ४ नंबर आणि जपानी कंपनीचा ४ नंबर शेजारी ठेवून पाहा. म्हणून नंबरवर विसंबू नका, पट्टीने मोजा.

तार: सात पदरी, नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची तार, २० ते ३० पौंडांची. ४९ पदरी तार आणखी मऊ असते, मिळाली तर उत्तमच. गिटारची तार किंवा बाइकच्या क्लच केबलचा एक पदर वापरायचा सल्ला हमखास कोणीतरी देतो. एकेरी तारेला एकदा मोड पडला की ती तिथेच तुटते, आणि क्लच केबल खाऱ्या पाण्यात गंजते. स्टिंगर म्हणून दोन्ही बाद.

स्लीव्ह, म्हणजे तार दाबून पक्की करायची नळी. ती तारेच्या मापाची हवी: तार दुपदरी घातल्यावर जेमतेम सरकेल इतकी. ढगळ स्लीव्ह कितीही दाबली तरी सुटते. दाबायला क्रिम्पर लागतो. साध्या पक्कडीने स्लीव्ह चपटी होते आणि पक्कडीच्या कापायच्या भागाने दाबली तर तारच अर्धी कापली जाते. एवढं एक हत्यार विकत घ्याच.

असिस्टसाठी केव्हलारची दोरी, ८० ते १०० पौंडांची. विणलेली पीई (पॉलिथिलीन) दोरीही चालते, पण दोघींच्या स्वभावात एक फरक आहे. पीई साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळते, केव्हलार वितळतच नाही, फार तापली तर काळी पडते. म्हणून पीईचं टोक लायटरने बंद करता येतं, केव्हलारचं येत नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने, पुढे हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) तापवताना केव्हलारला धोका कमी, पीईला जास्त.

बाकीचं किरकोळ: सॉलिड रिंग (अखंड कडी) आणि स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी), छोटे स्नॅप (उघडझाप होणारे आकडे), पॉलिस्टरचा शिवणाचा दोरा, सुपरग्लू, ३ ते ४ मिलिमीटरची हीट श्रिंक स्लीव्ह. ही शेवटची मासेमारीच्या दुकानात महाग पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मीटरवर आणा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा वीतभर तुकडा आणि एक दाभणही लागेल.

सुपरग्लूबद्दल एक सूचना. सुती दोरा किंवा कापूस त्याच्याशी लागला की रसायन झपाट्याने तापतं, चटका बसेल इतकं. म्हणून दोरा पॉलिस्टरचा, आणि सांडलेला ग्लू कापसाने पुसायचा नाही.

आधी मोजा

ल्यूअर जिगहेडवर नीट चढवून समोर ठेवा. सरळ ठेवून मोजू नका. पोहताना तो जसा वाकतो तसा बोटांनी वाकवा आणि बाकाच्या बाहेरच्या बाजूने पट्टी लावा. सरळ ल्यूअरवर मोजलेली तार पाण्यात आखूड पडते, ल्यूअरला मागून आवळून धरते आणि तो लाकडासारखा ताठ येतो.

शेपटीजवळ रबर जिथे एकदम बारीक होतं ती जागा शोधा. ट्रेबलचा बाक त्या जागेच्या थोडा अलीकडे यायला हवा, त्याच्या मागे कधीच नाही. तिथून ट्रेबलची स्वतःची लांबी वजा केली की तारेचं मागचं टोक कुठे यायला हवं ते कळतं. आता पुढची बाजू. तार कुठून सुरू करायची याचे दोन पर्याय आहेत: जिगहेडच्या नेढ्यापासून, किंवा पाठीतून बाहेर आलेल्या गरीच्या बाकापासून.

उदाहरण घेऊ. दहा सेंटिमीटरचा पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचा रबरी मासा), ३/० चा जिगहेड. गरी नाकापासून साडेचार सेंटिमीटरवर बाहेर आली. शेपूट साडेसातवर बारीक होते, म्हणजे ट्रेबलचा बाक सातवर हवा. ६ नंबरचा ट्रेबल दोन सेंटिमीटर लांब धरला तर त्याचं नेढं पाचवर आलं. गरीच्या बाकापासून तार काढायची म्हटली तर उरतो अर्धा सेंटिमीटर. एवढ्यात स्लीव्हही मावत नाही. म्हणून चार इंची ल्यूअरला तार पुढच्या नेढ्यापासूनच घ्यायची: पाच सेंटिमीटर, अधिक सैलपणाला अर्धा.

पंधरा सेंटिमीटरच्या ल्यूअरला हिशोब बदलतो. ५/० ची गरी सहावर बाहेर आली, शेपूट साडेअकरावर बारीक होते, बाक अकरावर हवा. ४ नंबरचा ट्रेबल सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा, त्यामुळे नेढं साडेआठच्या आसपास. म्हणजे गरीच्या बाकापासून अडीच सेंटिमीटर, सैलपण धरून तीन. इथे बाकावर अडकवलेला आखूड स्टिंगर सुटसुटीत, कारण तो ल्यूअरच्या अंगावर लोंबत नाही. हे माझे आकडे. तुमच्या ल्यूअरचे वेगळे येतील, रीत तीच.

तारेचा स्टिंगर

तार कामाला लागते त्यापेक्षा खूप लांब कापा, वीतभर तरी. छोट्या तुकड्यावर बोटं चालत नाहीत, आणि वाचवलेली दहा सेंटिमीटर तार काही कामाची नसते.

ट्रेबलचं टोक आधी पूर्ण करायचं. तारेत पहिल्यांदा हीट श्रिंकचा सेंटिमीटरभर तुकडा ओवा, मग स्लीव्ह. हा क्रम चुकला तर सगळं दाबून झाल्यावर हीट श्रिंक टेबलावर पडलेली दिसते. तार ट्रेबलच्या नेढ्यातून घ्या आणि स्लीव्हमधून परत आणा. गोल स्लीव्ह असेल आणि जागा असेल तर टोक वळवून तिसऱ्यांदाही आत घाला, पकड वाढते. लंबगोल, दोन खणांची स्लीव्ह असेल तर एका खणात एक पदर, बस्स. टोकाचं नायलॉन लायटरने क्षणभर तापवून त्याची बारीक गाठ होऊ द्या आणि मग फास ओढून तीन-चार मिलिमीटरचा करा. फास अगदी घट्ट नको, ट्रेबल त्यात मोकळा डुलला पाहिजे.

आता दाबायचं. पहिला दाब स्लीव्हच्या मधोमध, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. दोन्ही कडांना मिलिमीटरभर भाग न दाबता सोडा. कडेपर्यंत दाबलं तर स्लीव्हची धार तारेत रुतते आणि तार तुटते ती नेमकी तिथेच. कडेचा, तोंडाकडे किंचित उमललेला भाग तारेला हलायला जागा देतो.

मग हीट श्रिंक स्लीव्हवर सरकवा आणि लायटर लांब धरून, फिरवत तापवा. ज्योत लागायला नको, वरची गरम हवा पुरते. हेअर ड्रायर असेल तर तोच वापरा. हे आवरण शोभेचं नाही. तारेचं उघडं टोक बोटाला टोचतं आणि शेवाळ गोळा करतं, त्यासाठी आहे.

पुढचं टोक दाबायच्या आधी ट्रेबल ल्यूअरवर त्याच्या जागी टोचून ठेवा, ल्यूअर वाकवा, आणि मार्करने तारेवर खूण करा. वहीतल्या मापापेक्षा ही खूण खरी. खुणेवर फास करायचा, पुन्हा हीट श्रिंक, पुन्हा स्लीव्ह, पुन्हा तीन दाब. पुढचा फास गरीच्या बाकावर चढणार असेल तर उलट्या काट्यावरून जेमतेम जाईल इतका मोठा ठेवा.

क्रिम्पर यायला वेळ असेल तर नायलॉन आवरणाच्या तारेला तात्पुरती एक युक्ती आहे: टोक मुख्य तारेभोवती सात-आठ घट्ट वेढे देऊन गुंडाळायचं आणि लायटर लांबून फिरवत आवरणं एकमेकांत वितळू द्यायची. थंड होईपर्यंत हलवायचं नाही. जपून केलं तर टोळला पुरतं. सुरमईवर मी त्याचा भरवसा धरणार नाही.

ल्यूअरवर चढवताना

वाकटीसाठी जिगहेडच्या पुढेही वीतभर तारेचा ट्रेस (जोडतुकडा) लागतोच, नाहीतर लीडरच, म्हणजे रीलच्या दोरीच्या टोकाला जोडलेला जाड तुकडाच, कापला जातो. त्या ट्रेसच्या स्नॅपमध्ये जिगहेडचं नेढं आणि स्टिंगरचा फास दोन्ही अडकवा. लीडरची गाठ आणि स्टिंगरची तार एकाच नेढ्यात घासत बसत नाहीत, आणि ल्यूअर बदलताना स्टिंगरही चुटकीसरशी बदलतो.

गरीच्या बाकावरचा आखूड स्टिंगर मात्र चावा आला की सरकून निसटू शकतो. फास चढवल्यावर त्याच्या मागून व्हॉल्व्ह ट्यूबचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा गरीच्या टोकावरून सरकवा. फास जागेवर राहतो आणि तुकडा उलट्या काट्यामुळे परत निघत नाही.

ट्रेबलचं एकच टोक रबरात टोचायचं, दोन मोकळी. तेही खोल नाही. मासा ओढताना ते फाडून बाहेर यायला हवं. टोचायची जागा पाण्यावर अवलंबून. वाकटी खालून येते, म्हणून खोल, मोकळ्या पाण्यात पोटाखाली. तळाला खडक असेल तर पाठीवर, चावे थोडे कमी लागले तरी चालतील. पोटाखाली न्यायचं तर तार ल्यूअरच्या बाहेरून कडेने लोंबवण्यापेक्षा दाभणाने रबराच्या आतून ओवा: नाकाजवळून आत, पोटातून बाहेर. त्यासाठी अर्थात ट्रेबल तारेला शेवटी जोडावा लागतो, म्हणजे वर सांगितलेला क्रम उलटा. खटाटोप आहे, पण स्वच्छ पाण्यात दिवसा फरक पडतो.

मेटल जिगचा असिस्ट हुक

इथे गणित वेगळं. मेटल जिग शिशाचा किंवा लोखंडाचा, पडताना फडफडतो, आणि मासा बहुतेक वेळा डोक्याकडे किंवा मध्यावर झडप घालतो. जिगच्या शेपटीला घट्ट ट्रेबल असेल तर जड जिगच्याच झटक्याने तो माशाच्या तोंडातून उपटला जातो. दोरीवर मोकळी लोंबणारी गरी तशी निघत नाही.

गरीची फाक जिगच्या रुंदीपेक्षा मोठी हवी, नाहीतर गरीचं टोक जिगवरच टेकून राहतं. २०-३० ग्रॅमच्या जिगला १ नंबर किंवा १/०, ४०-६० ग्रॅमला २/० ते ३/०. लटकल्यावर गरीचं टोक जिगच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर मध्यापर्यंत यावं. त्याच्या खाली गेली की ती जिगला वेढा घालते आणि उलटून लीडरमध्ये अडकते. पुढे-मागे दोन्हीकडे गऱ्या लावणार असाल तर त्या एकमेकींपर्यंत पोहोचता कामा नयेत.

वीस सेंटिमीटर दोरी घ्या, मधोमध दुमडा. दुमडलेल्या बाजूचा फास पुढे रिंगला जाईल, दोन मोकळी टोकं गरीला. टोकं हीट श्रिंकच्या तीन सेंटिमीटरच्या तुकड्यातून आधीच ओवून घ्या. मग दोन्ही टोकं एकत्र नेढ्यातून घाला, आणि ती गरीच्या टोकाच्या बाजूने घालायची, पाठीमागून नाही. तशी घातली की दोरीला ताण बसताच गरीचं टोक बाहेरच्या दिशेला उचललं जातं आणि तोंडाच्या कडेत रुततं. दुकानातले स्वस्त असिस्ट हातात घेऊन पाहा, कित्येकांची दोरी उलटी ओवलेली असते.

टोकं दांड्यावर अडीच-तीन सेंटिमीटर पुढे येऊ द्या. नेढ्यापासून सुरू करून पॉलिस्टरच्या दोऱ्याचे घट्ट, एकाला एक लागून वेढे घाला, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. मग उरलेली टोकं नेढ्याकडे परत दुमडा आणि त्यांच्यावरून वेढ्यांचा दुसरा थर द्या. सगळी ताकद या दुमडीत आहे. सरळ बांधलेली दोरी वेढ्यांखालून सरकू शकते, दुमडलेली नाही. गाठ मारा, जास्तीची दोरी कापा, सुपरग्लूचे दोन थेंब वेढ्यांत मुरू द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या ग्लूवर हीट श्रिंक चढवू नका. वाळल्यावर ती दांड्यावर सरकवा, नेढंही झाकलं जाईल अशी, आणि तापवा. नेढ्याजवळची दोरी त्यामुळे थोडी ताठ राहते आणि गरी जिगला कमी गुंडाळते.

शोभा हवीच असेल तर हीट श्रिंकच्या आधी वेढ्यांत चारदोन चमकदार धागे बांधून घ्या. जुन्या ओढणीची प्लास्टिकची जर अगदी चालते. बांगडा, ट्रेव्हलीसारख्या छोट्या शिकाऱ्यांना त्याची भुरळ पडते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. मी बांधतो, पण मासा जरीमुळेच आला असं छातीठोक सांगणार नाही.

जोडणी महत्त्वाची. दोरीचा फास सॉलिड रिंगला अडकवायचा: फास रिंगमधून घालून गरी त्या फासातून काढली की झालं. लीडरही त्याच सॉलिड रिंगला बांधायचा. जिग मात्र स्प्लिट रिंगवर, आणि ती स्प्लिट रिंग सॉलिड रिंगमध्ये. मग माशाचा ताण गरीतून दोरीत, दोरीतून सॉलिड रिंगमध्ये आणि तिथून थेट लीडरमध्ये जातो, जिग नुसता बाजूला लोंबत राहतो. दोरी थेट स्प्लिट रिंगला कधीच नको. तिच्या फटीची धार केव्हलारसुद्धा कापते.

मरळीच्या बेडकाला

पोकळ रबरी बेडकाच्या दुहेरी गरीच्या बाकावर तीन-चार सेंटिमीटरच्या दोरीने १/० ची एकेरी गरी जोडली, की पाय ओढणारी मरळ लागते. टोक वरच्या बाजूला ठेवा. पाण्यात हायड्रिला किंवा जलपर्णी दाट असेल तर हे विसरा: बेडूक त्या गवतावरून सरकावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, आणि मागची गरी पहिल्या दोन हातांत गवताची जुडी घेऊन येते. पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात आणि कशावरही धावतात. तिथे बेडूक टाकणं यात काही कसब नाही.

बादलीची परीक्षा

बनवलेला प्रत्येक स्टिंगर पाण्यात जाण्याआधी ताणून पाहायचा. हाताने नाही. हाताने हिसका दिला आणि स्लीव्ह सुटली तर ट्रेबल कुठे उडेल सांगता येत नाही. भिंतीतल्या भक्कम खिळ्याला पुढचा फास अडकवा, ट्रेबलला तारेचा आकडा लावून त्यावर बादली टांगा, आणि मगाने पाणी भरत जा. लिटरला एक किलो, अधिक बादलीचं वजन. चष्मा लावा, तोंड बाजूला ठेवा.

किती वजन घ्यायचं? २० पौंड म्हणजे ९ किलो. किनाऱ्यावरून हलक्या रॉडवर रीलचा ड्रॅग (ज्या ताणाला रील दोरी सोडू लागतं तो) सहसा ३ ते ४ किलोंवर असतो, त्यामुळे २० पौंडी तारेच्या स्टिंगरने ६-७ किलो मिनिटभर पेलले तर भरपूर. बादली टांगायच्या आधी तार स्लीव्हमध्ये शिरते तिथे मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. रेघ जागची हलली असेल तर स्लीव्ह सरकते आहे. आज तुटली नाही म्हणून तो स्टिंगर ठेवू नका. ८० पौंडी असिस्टला हीच परीक्षा, पण बादली काठोकाठ.

इथे कोणी विचारेल, स्टिंगरला तारही ३०-४० पौंडांची का नको? खडकांमुळे. कोकणचा किनारा म्हणजे कातळ आणि कालवं. लीडर ४० पौंडांचा आणि स्टिंगर २० चा असेल तर मागची गरी अडकल्यावर ओढून स्टिंगरच तुटतो आणि जिगहेडसह ल्यूअर परत येतो. ड्रॅगच्या दुप्पट ताकद तारेत आहेच, माशाला ती पुरते. दगडासमोर मुद्दाम कमकुवत दुवा ठेवलेला बरा. वाळूचा तळ असेल तर मग खुशाल ३० घ्या.

हात सांभाळा

बनवताना टोचतं ते किरकोळ असतं. खरा अपघात मासा हातात आल्यावर होतो: एक गरी माशाच्या तोंडात, मासा उसळतो, आणि दुसरी मोकळी गरी तुमच्या तळव्यात. स्टिंगर लावला की ही शक्यता दुप्पट होते. म्हणून लांब नाकाची पक्कड आणि गरी कापेल असा कटर कमरेलाच हवा, पिशवीत नाही. वाकटी किंवा टोळ आधी जाड फडक्यात दाबून धरा, मग मोकळी टोकं कुठे आहेत ते बघा, मगच पक्कड घाला. रात्री हेडलॅम्पशिवाय हा खेळ नको.

ट्रेबलचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. रीलची दोरी सैल सोडली नाही तर मासा सुटत नाही, आणि तुमच्या बोटातून किंवा सोडून द्यायच्या माशातून गरी विनासायास निघते. काटा असलेली गरी खोल गेली तर कटरने तार कापा आणि डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. डोळ्याजवळ लागली तर स्वतः हातही लावू नका.

साठवण

घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळखळून धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, केव्हलारला ऊन सोसत नाही, दोरीची ताकद गुपचूप कमी होत जाते. ओला स्टिंगर डब्यात बंद केला तर आठवड्यात शेजारच्या चांगल्या गऱ्यांनाही गंज चढतो. तारेला मोड पडला, आवरण सोललं किंवा दोरीला कूस आली की तो स्टिंगर बाद. नुसता फेकू नका, टोकं कटरने उडवा किंवा जुन्या औषधाच्या बाटलीत झाकण लावून टाका. कचरा उपसणाऱ्याचा हात त्यात जातो.

चांगले स्टिंगर फोमच्या पट्टीवर टोचून ठेवा आणि खाली मार्करने लिहा: साडेपाच, ट्रेबल ६, चार इंची. एका ल्यूअरसाठी दोन लांब्या बनवा, दुसरी पहिलीपेक्षा सेंटिमीटरभर आखूड. बनवायचे दिवस जून-जुलैचे. समुद्र खवळलेला असतो, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत डबा भरून तयार.

किनाऱ्यावर पहिले दोन-तीन चावे चुकले की ल्यूअर बदलण्याआधी तो उजेडात धरून बघा. रबरावर दाताच्या खुणा स्पष्ट राहतात. खुणा ट्रेबलच्या मागे, शेपटीवर असतील तर लांब स्टिंगर लावा. ट्रेबलच्या आसपास असूनही मासा लागत नसेल तर टोकं बोथट आहेत किंवा ट्रेबल रबरात फार खोल टोचला आहे: टोक नखावर घासून पाहा, घसरलं तर बदला. खुणा पोटाच्या एकाच बाजूला असतील तर ट्रेबल त्या बाजूला वळवा. आणि खुणा स्टिंगरच्या पुढे, डोक्याजवळ दिसल्या तर स्टिंगर काढूनच ठेवा. तो मासा जिगहेडच्या गरीलाच लागणार आहे, रॉड थोडा उशिरा उचला.